नदीतला फाज, बाटलीतलं औषध

(आंदर मावळात टाकवे बुद्रुक इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय फाज. पूर्ण नाव बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू. विषाणू म्हटलं की आपल्याला लगेच करोना आठवतो आणि हात तोंडाकडे जातो. पण हा विषाणू माणसाला लागत नाही. गाईला लागत नाही, भातालाही लागत नाही. तो फक्त जिवाणूंवर जगतो. जिवाणूच्या अंगावर उतरतो, आपलं जनुकीय द्रव्य आत सोडतो, त्याच्याच घरात आपली पिल्लं तयार करतो आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर त्याला फोडून शंभरेक पिल्लं बाहेर पडतात. मग ती पुढच्या जिवाणूकडे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे मुलं ओढ्याचं, नाल्याचं पाणी आणतात. ते बारीक गाळणीतून गाळायचं, जिवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतात. ते पाणी जिवाणूंच्या थरात मिसळून काचेच्या बशीत ओतायचं. दुसऱ्या दिवशी बघाल तर पांढुरक्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडलेली असतात. प्रत्येक भोक म्हणजे फाजने साफ केलेली जागा. एका रात्रीचं काम आहे हे. कॉलेजातली मुलं करतात.

मग तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: इतकं सोपं आहे, तर अँटिबायोटिक लागू न पडणाऱ्या जखमेवर कान्हे फाट्यावरच्या मेडिकलमध्ये फाजची बाटली का मिळत नाही? आजचं सगळं बोलणं याच एका प्रश्नावर आहे.

तुम्ही आंदर मावळातले, म्हणून तुम्हाला एक उदाहरण लगेच कळेल. इथे पाऊस किती पडतो, ते मी सांगायला नको. आंद्रा नदीही पहिल्यापासून वाहतेय. पण शंभरेक वर्षांपूर्वी टाटांनी ठोकळवाडीला धरण बांधलं, डोंगरातून पाणी खाली नेलं, भिवपुरीला जनित्रं बसवली, तेव्हा कुठे त्या पाण्याची वीज झाली. फाजचं तसंच आहे. पाणी भरपूर आहे. बोगदा, नळ, जनित्र आणि तारा यांचं काम राहिलंय.

शोध जुना, तोही आपल्या भागातला

१८९६ साली अर्नेस्ट हँकिन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आग्र्याला होता. त्याने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फाजच होते का, यावर आजही वाद आहे. फाज हे नाव आलं १९१७ मध्ये. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'एरेल यांनी आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेत ते पाहिले. त्याआधी दोन वर्षं, १९१५ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनीही अशीच नोंद केली होती.

द'एरेल पुढे हिंदुस्थानात आले. १९२७ ते १९३६ या काळात ब्रिटिश सरकारने इथे 'बॅक्टेरिओफाज इन्क्वायरी' चालवली. आसामात नौगाव जिल्ह्यात कॉलऱ्यासाठी गावोगाव फाजच्या कुप्या वाटल्या आणि हबीगंज भाग तुलनेसाठी ठेवला. नौगावात मृत्यू कमी झालेले दिसले. पण कॉलऱ्याची साथ एका वर्षी भडकते, दुसऱ्या वर्षी आपोआप ओसरते. दोन जिल्हे वेगळे, पाणी वेगळं, माणसं वेगळी. मग फरक फाजमुळे पडला की साथीच्या चढ-उतारामुळे? ठाम उत्तर मिळालं नाही.

मुंबईतही काम झालं. परळची हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगसाठीच सुरू झालेली. तिथल्या नायडू आणि अवारी यांनी प्लेगच्या उपचारात फाज वापरण्याचा अभ्यास १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. नऊ वर्षांनी, १९४१ मध्ये, त्याच संस्थेतून वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांचा प्लेगवरच्या रासायनिक औषधांचा, म्हणजे सल्फाच्या गोळ्यांचा अभ्यास आला. त्यानंतर फाज मागे पडला. कारण समजायला अवघड नाही. डॉक्टरला गोळी हवी असते. मोजून देता येते, कपाटात टिकते, सगळ्यांना एकच चालते.

फाज टिकला तो जॉर्जियात. तिबिलिसी शहरातली एलियावा संस्था १९२३ पासून आहे आणि आजही जगभरातून लोक तिथे उपचाराला जातात. भारतातूनही जातात.

पिंपरीचा रस्ता

आता लोणावळा लोकलने पिंपरीपर्यंत या. इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी एचए कंपनीत कामाला होतं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतला एक सूक्ष्मजीव शोधला, त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. म्हणजे आपल्या पायाखालच्या मातीतून औषध बनवणं या पट्ट्याला नवीन नाही.

पण तो रस्ता फाजला जशाचा तसा लागू पडत नाही. पेनिसिलिन हा एक रेणू आहे. टाकीत बुरशी वाढवली, रेणू वेगळा काढला, वजन केलं, कुपीत भरला. पिंपरीच्या माणसाला जी कुपी, तीच पाटण्याच्या माणसाला. एकदा चाचणी झाली, परवाना मिळाला की लाखो कुप्या काढा.

फाज रेणू नाही. तो वाढतो, बदलतो, आणि मुख्य म्हणजे भयंकर चोखंदळ आहे. तुमच्या जखमेतला स्टॅफिलोकोकस आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा स्टॅफिलोकोकस, नाव एकच. पण एकावर चालणारा फाज दुसऱ्यावर चालेलच असं नाही. हा त्याचा गुण आहे, कारण तो पोटातले चांगले जिवाणू मारत नाही. आणि हीच त्याची अडचण आहे.

भोकापासून बाटलीपर्यंत

मला या भागातल्या एका घरातून प्रश्न आला होता. मधुमेहाची पायाची जखम, काही महिने चिघळलेली. कल्चरचा रिपोर्ट मला दाखवला. ज्यांनी असा रिपोर्ट पाहिलाय त्यांना माहीत आहे, औषधांची नावं खाली खाली आणि समोर 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे नाही. त्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, तळाशी एकच एस, आणि ते औषध मूत्रपिंडाला जड. पेशंटचा पुतण्या म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर रोज ते फाज काढता. आमच्या काकांना द्या ना." मी त्याला जे सांगितलं, तेच तुम्हालाही क्रमाने सांगते.

पहिलं, जुळणी. काकांच्या जखमेतला जिवाणू वेगळा काढायचा आणि साठ्यातले फाज एकेक करून त्यावर लावून बघायचे. नशीब असेल तर दोन दिवसांत जुळतो, नसेल तर महिनेही जातात. लंडनमध्ये फुप्फुस बदललेल्या एका किशोरवयीन मुलीचं उदाहरण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्या जिवाणूवर कुठलंच औषध चालत नव्हतं. अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेत हजारो फाजचा साठा आहे, बराचसा कॉलेजच्या मुलांनी गोळा केलेला. त्यातून तीनच फाज उपयोगी निघाले, आणि त्यातल्या दोघांत जनुकीय बदल करावा लागला. तिसरा, 'मडी' नावाचा, दक्षिण आफ्रिकेत कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. मुलगी पूर्ण बरी झाली असं कुणी म्हटलं नाही, पण तिच्या जखमा भरल्या, ती रुग्णालयातून घरी गेली. ते वांगं कुणीतरी २०१० मध्ये नीट नोंद करून ठेवलं होतं, म्हणून २०१८ मध्ये कामाला आलं.

दुसरं, पारख. सगळे फाज मारेकरी नसतात. काही जिवाणूच्या जनुकांत मुरून बसतात आणि जाताना आपली जनुकं त्याला देऊन जातात. कॉलऱ्याचं विष बनवणारं जनुकच मुळात एका फाजकडून जिवाणूत आलेलं आहे. म्हणजे चुकीचा फाज दिला तर रोग बरा व्हायच्या ऐवजी जिवाणूला नवं हत्यार मिळेल. त्यामुळे प्रत्येक फाजचा जनुकीय क्रम वाचल्याशिवाय तो माणसाला देता येत नाही.

तिसरं, शुद्धी. फाज वाढवायचा म्हणजे जिवाणू फोडायचे. फुटलेल्या जिवाणूंचा कचरा, त्यातली विषं, रक्तात गेली तर ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. माझ्या बशीतलं पाणी गाळलेलं आहे, शुद्ध नाही. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे मला तुमच्या इंद्रायणी भाताची आठवण होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तो वाण दिला. पण तुमच्या खाचरात तो केंद्राच्या एका वाफ्यातून थेट आला नाही. आधी पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित. प्रत्येक टप्प्याला भेसळीची तपासणी, उगवणीची तपासणी, पिशवीला टॅग. फाजलाही मूळ साठा, त्यापासून कामाचा साठा, त्यापासून औषधाचा घाणा, आणि दर घाण्याची तपासणी लागते. वाण चांगला आहे म्हणून कुणी टॅग नसलेलं बियाणं घेत नाही. मग शिरेतून जाणाऱ्या औषधाला तर ते लागणारच.

चौथं, टिकाऊपणा. युरोपात 'फागोबर्न' नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. भाजलेल्या २७ रुग्णांवर, १२ फाजचं मिश्रण. बराच वेळ आणि पैसा ते मिश्रण नियमांप्रमाणे बनवण्यातच गेला. आणि बनवल्यानंतर साठवणीत त्याची ताकद इतकी घसरली, की मिलिलिटरला दहा लाख फाज द्यायचे ठरले होते तिथे प्रत्यक्षात जेमतेम शंभरेक पोचले. नेहमीच्या चांदीच्या मलमापेक्षा ते मागे पडलं. फाज फसला की बाटली फसली? माझं मत, बाटली.

पाचवं, योग्य जागी योग्य शत्रू. ढाक्यात जुलाब झालेल्या १२० लहान मुलांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. फाज सुरक्षित ठरले, पण जुलाब काही लवकर थांबले नाहीत. कारण शोधलं तर बऱ्याच मुलांच्या पोटात ज्या ई. कोलायसाठी फाज दिले, ते फारसे नव्हतेच. शत्रू नाही तर फाज वाढणार कशावर?

सहावं, जिवाणूही गप्प बसत नाही. अमेरिकेतले टॉम पॅटरसन इजिप्तमध्ये फिरायला गेले आणि अॅसिनेटोबॅक्टरचा जंतुसंसर्ग घेऊन आले. २०१६ मध्ये सॅन डिएगोला त्यांना शिरेतून फाज दिले. ते वाचले. पण मधे काही दिवसांतच जिवाणू पहिल्या फाजना दाद देईनासा झाला आणि सांडपाण्यातून नवा फाज शोधून द्यावा लागला. म्हणजे औषध एकदा बनवून संपत नाही. मागे माणसं जागी लागतात.

बेल्जियमने काय केलं

एवढं ऐकून वाटेल की हे होणारच नाही. होतंय. बेल्जियमने २०१८ मध्ये एक साधी वाट काढली. इथे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना कंपाउंडर आठवत असेल. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, कंपाउंडर आत औषध मिसळायचा, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा. ते मिश्रण कुठल्या कंपनीचं नसायचं. त्या पेशंटसाठी त्या दिवशी बनवलेलं असायचं. बेल्जियमने फाजला हाच मार्ग दिला. डॉक्टर लिहून देतो, फार्मासिस्ट बनवतो. फक्त कंपाउंडरच्या हातात जो मूळ फाजचा साठा येतो, त्याचा दर घाणा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आलेला असतो. दर नव्या फाजसाठी दहा वर्षांची चाचणी नाही, पण तपासणीत सवलतही नाही.

ब्रुसेल्सच्या लष्करी रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या अशा १०० उपचारांचा हिशोब २०२४ मध्ये आला. ७७.२ टक्के उपचारांत तब्येत सुधारली, ६१.३ टक्के उपचारांत तो जिवाणू गेला. आता लगेच टाळ्या नकोत. ही तुलनेची चाचणी नव्हती, फाज न दिलेला गट नव्हता. नौगावचा प्रश्न इथेही उभा आहे. पण त्यात एक कामाची गोष्ट दिसली: सोबत अँटिबायोटिक दिलं नाही तिथे जिवाणू जाण्याची शक्यता खूपच कमी झाली. म्हणजे फाज आला की अँटिबायोटिक गेलं, असं नाही. दोघं एका जोखडाला जुंपायचे बैल आहेत.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

बनारस हिंदू विद्यापीठात गोपाल नाथ यांच्या गटाने चिघळलेल्या जखमांवर वरून फाज लावण्याचं काम केलंय. बंगळुरूच्या गंगाजेन कंपनीने फाजऐवजी जिवाणूची भिंत तोडणारं प्रथिन औषध म्हणून विकसित करायला घेतलं. रेणू असल्यामुळे ते पिंपरीच्या रस्त्याने जाऊ शकतं. पुण्यात सूक्ष्मजीव जपून ठेवणारे दोन मोठे संग्रह आहेत, एक राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा आणि एक एनसीएलचा. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत, जीवघेण्या आजारात मंजुरी न मिळालेलं औषध सरकारी रुग्णालयामार्फत मागवायची तरतूद आहे.

नाही काय? माणसांसाठी मंजूर झालेलं फाजचं औषध आज भारतात विकत मिळत नाही. बेल्जियमसारखी कंपाउंडरची वाट नाही. आणि रुग्णालयातल्या जिवाणूंशी नियमित जुळवून बघितलेला, औषधाच्या दर्जाचा फाजसाठा आपल्या हाताशी नाही. सुटे भाग आहेत, गाडी नाही. ही गाडी जोडायला नवा शोध लागायची वाट बघायची गरज नाही. निर्णय, पैसा आणि दहा वर्षं चिकाटी लागेल.

२०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे गेली, असा अंदाज आहे. ते काका त्या आकड्यात जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी तळाचं ते एक औषध मूत्रपिंडाकडे डोळ्यांत तेल घालून दिलं. पाऊल वाचलं, दोन बोटं गेली. पुतण्याला मी फाज दिला नाही. देण्यासारखा माझ्याकडे नव्हताच.

श्रोत्यांचे प्रश्न

*मावशींचा प्रश्न: गंगेच्या पाण्यात फाज असतात तर इंद्रायणीच्याही असतील. जखमेवर ते पाणी घातलं तर?*

नको मावशी. फाज असतील, नक्की असतील. जिथे जिवाणू जास्त तिथे फाज जास्त, म्हणून तर आम्ही सांडपाण्यात शोधतो. पण त्या एका फाजसोबत हजार तऱ्हेचे जिवाणू जखमेत जातील. कुरवंड्याला उगम पावणारी नदी आळंदीला पोचेपर्यंत काय होते, ते आपण फेसावरून बघतोच. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने धुवा, आणि मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा.

*एका दूध उत्पादकाचा प्रश्न: गाईच्या कासदाहावर हे चालेल का?*

दादा, त्यावर संशोधन चालू आहे आणि जनावरांत कदाचित माणसांच्या आधी येईल. अन्नात तर आलंच आहे. मांसावरच्या लिस्टेरिया जिवाणूंसाठी फाजचा फवारा अमेरिकेत २००६ मध्येच मान्य झाला. तोवर एवढं करा: सड सुजला की उरलेली ट्यूब अंदाजाने भरू नका, आधी दुधाची तपासणी करून घ्या. आणि औषध चालू असताना डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. आज गोठ्यात वाया घालवलेलं औषध उद्या आपल्याच पायाच्या जखमेवर 'आर' होऊन येतं.

*बारावीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न: आम्ही काही करू शकतो का?*

हो. त्या वांग्याची गोष्ट लक्षात ठेव. पुढे सूक्ष्मजीवशास्त्राला आलीस तर तुलाही फाज सापडेल, आणि त्याला नावही तूच देशील. पण सापडल्यावर तो कुठून आणला, कुठल्या तारखेला, कुठल्या जिवाणूवर चालला, कुठल्या तापमानाला ठेवला, हे इतकं स्वच्छ लिहून ठेव की आठ वर्षांनी तुला न ओळखणाऱ्या डॉक्टरला ते वाचून तो वापरता यावा. आपल्याकडे फाज शोधणारे पुष्कळ आहेत. जपणारे कमी आहेत.

*शेवटचा प्रश्न: मॅडम, कधी येईल हे आपल्याकडे? आणि परवडेल का?*

तारीख सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून औषध घेऊ नका. परवडण्याचं म्हणाल, तर एकेका पेशंटसाठी परदेशातून मागवलं तर महागच पडेल. पण साठा एकदा सरकारी पैशाने उभा राहिला की पुढचा खर्च मुख्यतः जुळणीचा आणि तपासणीचा. लस आपण गावागावात बर्फाच्या पेटीतून पोचवतो, म्हणजे पोचवायचं तंत्र आपल्याला येतं. पहिली पायरी त्याआधीची आहे. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कल्चर करून घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा, आणि तो रिपोर्ट फाईलला जपून ठेवा. उद्या फाज आला तरी पहिला प्रश्न तोच असेल: जिवाणू कोणता?

चहा तयार आहे असं सांगितलंय, बाकीचे प्रश्न चहाबरोबर.